वाचकांचे प्रश्न : आधी साल ठरवा, मग किट घ्या

युद्धनौकांच्या प्रतिकृतींविषयी कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांची पहिली ओळ एकच होती : अमुक जहाजाचे किट कुठे मिळेल? त्याआधी दुसराच प्रश्न सोडवावा लागतो. जहाज कोणत्या सालचे करायचे? युद्धनौका पंचवीस-तीस वर्षे सेवेत असते आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर तिचे रूप बदलते. साल पक्के झाले की किट, पितळी भाग, रंग, डेकवरची विमाने ही निवड आपोआप सोपी होते. साल न ठरवता घेतलेली किटे अर्धवट अवस्थेत खोक्यात पडून राहतात, हे आलेल्या पत्रांवरूनच दिसते.

1971 ची ‘विक्रांत’ 1/700 मापात करायची आहे. फोटो भरपूर मिळतात, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. कोणता खरा धरायचा? (इचलकरंजी)

सगळे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या काळातले आहेत. ही पहिली विक्रांत, म्हणजे विमानवाहू नौका, 4 मार्च 1961 रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली आणि 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली. 2001 ते 2012 या काळात ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. 2014 च्या अखेरीस ती तोडायला घेतली. रंगीत, स्पष्ट, जवळून काढलेले बहुतेक फोटो या संग्रहालयाच्या काळातले आहेत आणि तेच तुमची फसगत करतात. त्यात डेकचे पुढचे टोक वर उचललेले दिसते. तो उतार, म्हणजे स्की-जंप, 1980 च्या दशकाच्या अखेरीस सी हॅरियर विमानांसाठी बसवला. 1971 मध्ये डेक नाळेपर्यंत, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत, सपाट होता आणि विमाने वाफेच्या कॅटापल्टने, म्हणजे विमान वेगाने पुढे फेकणाऱ्या यंत्राने, उडत. सुरुवातीला तिच्यावर 16 विमानविरोधी बोफोर्स तोफा होत्या, पुढे त्या कमी केल्या. म्हणून तोफांची जागा आणि संख्या संग्रहालयाच्या फोटोवरून घेऊ नका.

फोटोवर तारीख नसेल तर डेकवरची विमाने पाहा. सी हॉक दिसले तर फोटो जुना. सी हॅरियर दिसले तर तो डिसेंबर 1983 नंतरचाच, कारण पहिली सी हॅरियर विमाने तेव्हा आली. नुसत्या अलिझे विमानावरून निर्णय करू नका. ती दोन्ही काळांत विक्रांतवर होती. मग एका वहीत आठ-दहा खुणा लिहा : नाळेचा आकार, मुख्य डोलकाठीवरची रडारे, धुराड्याभोवतीची बांधणी, तोफांचे कठडे, होड्यांच्या जागा, डेकवरच्या पांढऱ्या रेषा. प्रत्येक खुणेसमोर ती कोणत्या सालच्या फोटोत दिसते ते नोंदवा. एखादी गोष्ट 1971 च्या आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही फोटोंत सारखी असेल तर ती 1971 मध्येही होती असे धरायला हरकत नाही. फक्त नंतरच्याच फोटोत दिसणारी गोष्ट वगळा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण प्रतिकृती खरी की खोटी हे इथेच ठरते.

नकाशांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. हे जहाज ब्रिटनने ‘हर्क्युलीस’ या नावाने 1943 मध्ये बांधायला घेतले. 1945 मध्ये ते पाण्यात उतरले, 1946 मध्ये काम थांबले आणि 1957 मध्ये भारताने ते अर्धवट स्थितीत विकत घेतले. त्यानंतर तिरका डेक आणि वाफेचा कॅटापल्ट बसवून ते पूर्ण केले. त्यामुळे हे जहाज ज्या वर्गातले, त्या मॅजेस्टिक वर्गाच्या युद्धकाळातल्या आराखड्यातून पाण्याखालच्या तळाचा आकार आणि आडवे छेद बिनधास्त घ्या, पण डेकची मांडणी घेऊ नका. ब्रिटिश जहाजांचे मूळ आराखडे ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जपलेले असतात. त्यांच्या प्रती पैसे भरून मिळतात. याच वर्गातल्या ऑस्ट्रेलियाच्या ‘मेलबर्न’चे आणि कॅनडाच्या ‘बोनाव्हेंचर’चे फोटो भरपूर आहेत. ते तळासाठी आणि बाजूच्या भिंतींसाठी उपयोगी पडतात. तिन्ही जहाजांचा मनोरा आणि डोलकाठ्या मात्र वेगळ्या आहेत.

जहाजाची लांबी सुमारे 213 मीटर, म्हणजे 1/700 मध्ये 30.4 सेंटिमीटर. हाती आलेल्या आराखड्यात ती 26 सेंटिमीटर भरत असेल तर 30.4 ला 26 ने भागा. 117 टक्के आले. आर्किटेक्टचे नकाशे छापणाऱ्या दुकानात ही टक्केवारी सांगितली की काम होते. छापून आल्यावर लांबी आणि रुंदी दोन्ही मोजा. कॉपी मशीन कागद ओढताना एका दिशेने एक-दीड टक्का फरक करते आणि 30 सेंटिमीटरवर तो 3 ते साडेचार मिलिमीटर होतो.

विमानांसाठी गोव्यात बोगमाळो रस्त्यावरचे नौदल विमान संग्रहालय पाहा. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, सी किंग सगळी तिथे उभी आहेत. 1/700 मध्ये सी हॉकच्या पंखांचा विस्तार 17 मिलिमीटर आणि अलिझेचा 22 मिलिमीटर होतो. छापलेली विमाने मागवाल तेव्हा आधी हीच मापे विचारा.

कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौकेची प्रतिकृती करून ती रिमोटने रंकाळ्यात चालवायची आहे. कोणते किट घ्यावे? (राजारामपुरी, कोल्हापूर)

4 डिसेंबर 1971 च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौका गेल्या. तिन्ही सोव्हिएत बनावटीच्या, ओसा-1 प्रकारच्या. मेरिट इंटरनॅशनल या कंपनीचे 1/72 मापातले ओसा-1 चे प्लास्टिक किट आहे, तेच घ्या. खोक्यावर ओसा-2 लिहिले असेल तर ती नौका 1971 ची नव्हे. फरक लांबूनही कळतो. ओसा-1 च्या चारही क्षेपणास्त्रांची घरे पेटीसारखी चौकोनी आहेत, तर ओसा-2 ची गोल नळ्यांसारखी. ओसा-2 च्या क्षेपणास्त्राचे पंख मिटत असत, म्हणून अरुंद नळी पुरली. भारताने ओसा-2 नौका 1976 पासून घेतल्या.

प्रत्यक्ष नौका पाहायची तर कारवारला जा. रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर ‘चपळ’ ही नौका संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. ती ओसा-2 आहे, म्हणून क्षेपणास्त्रांची घरे तिथून घेऊ नका. पण तळाची ठेवण, 30 मिलिमीटर जोडतोफांचे घुमट, झाकणे, दोर बांधायचे खुंट, हवेची तोंडे या गोष्टींसाठी दुसरा इतका चांगला संदर्भ जवळपास नाही. सोबत दर 10 सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा मारलेली 1 मीटरची काठी न्या. ज्या भागाचा फोटो घ्यायचा त्याच्या अगदी लगत, त्याच पातळीवर ती धरा. मागे सरकून झूम करून, समोरून सरळ फोटो घ्या. जवळून मोबाईलने काढलेल्या फोटोत कडा वाकतात आणि त्यावरून मापे घेतली की चुकतात. प्रेक्षकांसाठी नंतर बसवलेले जिने, दिवे आणि कठडे ओळखून वगळा. तिथला रंगही प्रमाण मानू नका, किनाऱ्यावरच्या नौकेला वारंवार नवा रंग द्यावा लागतो.

आता रिमोटची गोष्ट. नौका 38.6 मीटर लांब आणि 7.6 मीटर रुंद. 1/72 मध्ये ती 53.6 सेंटिमीटर लांब आणि 10.6 सेंटिमीटर रुंद होते, त्यामुळे आत भरपूर जागा आहे असे वाटते. अडचण वजनाची आहे. वजन मापाच्या घनाने कमी होते. पूर्ण भारातले सुमारे 210 टन भागिले 72 चा घन, म्हणजे 3,73,248. उत्तर येते साधारण 560 ग्रॅम. तळ, वरचे बांधकाम, मोटर, बॅटरी, रंग सगळे मिळून एवढ्यातच बसवायचे. त्यापेक्षा जड झाली तर पाण्याची रेषा वर सरकते आणि वळताना नौका कलते. म्हणून रचना सुरू करण्यापूर्वी किटचे सगळे भाग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला आणि उरलेल्या ग्रॅमांत बाकीचे बसवा. सुकाणू फिरवायला 9 ग्रॅमचा सर्व्हो, म्हणजे रिमोटवर वळणारी छोटी मोटर, पुरतो. खऱ्या नौकेला तीन पंखे आहेत. प्रतिकृतीत मधला एकच फिरवून बाजूचे दोन मोकळे ठेवले तर एक मोटर आणि एक स्पीड कंट्रोलर पुरतो. बॅटरी तळाला, मध्यभागी, वेल्क्रोवर ठेवा, म्हणजे पुढे-मागे सरकवून तोल साधता येतो. वरच्या भागात पितळ आणि रेझिन कमीत कमी वापरा. पंख्याच्या दांड्याची नळी ग्रीसने भरा. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरते. पहिली चाचणी घरच्या टबात, झाकण न लावता अर्धा तास ठेवून करा. रंकाळ्यावर नेण्याआधी महापालिकेची परवानगी विचारून घ्या.

पहिलेच जहाज आहे. कोणते माप? (जयसिंगपूर)

1/700. या मापात जहाजांची, पितळी भागांची आणि तोफांच्या नळ्यांची निवड सर्वांत मोठी आहे, कारण 1971 पासून जपानी कंपन्यांनी या एकाच मापात शेकडो जहाजे काढली. 263 मीटरची जपानी युद्धनौका ‘यामातो’ 1/700 मध्ये 37.6 सेंटिमीटर होते, 1/350 मध्ये 75 आणि 1/200 मध्ये 131. कपाटाचा कप्पा मोजूनच माप ठरवा. पहिले जहाज भारतीयच हवे असेल तर एअरफिक्सचे 1/600 मापातले ‘लिअँडर’ शोधा. 1972 ची आपली ‘निलगिरी’ त्याच आराखड्यावर माझगाव डॉकमध्ये बांधली. किट जुने आहे, शिवणी सैल बसतात, पण भाग कमी आहेत आणि जहाज 19 सेंटिमीटरचे होते. निलगिरी वर्गातल्या शेवटच्या दोघी, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’, यांचा मागचा भाग सी किंग हेलिकॉप्टरसाठी बदललेला आहे. त्या या किटमधून सरळ होत नाहीत.

मी चांदीकाम करतो. चिमटे, कानशी, तार ओढायची पट्टी घरात आहे. जहाजाच्या पितळी फोटोएच भागांसाठी वेगळे सामान घ्यावे लागेल का? (हुपरी)

फारच थोडे. उलट तुमच्या हाताला जे येते ते शिकायला इतरांना वर्षे लागतात, म्हणून या प्रश्नाला जरा जागा देतो.

हे भाग 0.1 ते 0.2 मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्यातून रसायनाने कोरलेले असतात आणि बारीक दांड्यांनी चौकटीला जोडलेले असतात. कापताना लाकडावर किंवा रबरावर ठेवू नका. खालचा पृष्ठभाग दबला की भाग वाकतो. जुन्या ग्लेझ टाइलवर किंवा काचेवर ठेवून, नव्या पात्याने, भागाला अगदी चिकटून दाबा. उरलेला खुंट सपाट चिमट्यात धरून कानशीने काढा. दातेरी चिमटा वापरू नका, पितळावर खुणा उठतात. घडीची रेषा अर्धी कोरलेली असते आणि ती सहसा घडीच्या आतल्या बाजूला येते. एक पाते रेषेवर घट्ट दाबून धरा, दुसरे भागाखाली सरकवा आणि एका दमात उचला. तीच घडी दोन-तीनदा मागेपुढे केली की तुटते.

गोल वळवायचा भाग, म्हणजे तोफेची ढाल किंवा धुराड्याची जाळी, ज्योतीवरून क्षणभर फिरवून मऊ करा आणि ड्रिलच्या दांड्यावर गुंडाळा. इथे चांदीची सवय आड येते. चांदीला जितका ताव देता तितका दिला तर हा पत्रा सुरकुततो. रंग बदलला की लगेच बाहेर. कठडे मुळीच तापवू नका, मऊ झालेला कठडा सरळ राहत नाही. डागकामाला चांदीचे झाळण नको. कमी तापाचे शिशाचे सोल्डर, 25 वॅटचे सोल्डरिंग आयर्न आणि फ्लक्स पुरे, नंतर साबणाच्या पाण्याने धुवा. पितळ प्लास्टिकला जोडताना डाग देताच येत नाही, तिथे फेविक्विक. ट्यूब थेट लावू नका. प्लास्टिकच्या तुकड्यावर थेंब काढा, बारीक तारेच्या टोकाने उचला आणि सांध्याला टेकवा. गोंद स्वतःच आत ओढला जातो. गोंद जास्त झाला आणि हवा दमट असली की भोवती पांढरी धूळ बसते. ती पुढे रंगाखाली झाकता येते, पण पारदर्शक खिडकीवर बसली तर ती खिडकी बदलावी लागते.

तुमची तार ओढायची पट्टी इथे सोन्यासारखी आहे. डोलकाठ्या, आडव्या काठ्या, अँटेना यांसाठी पितळी तार 0.5 पासून 0.2 मिलिमीटरपर्यंत उतरवा. निमुळती डोलकाठी हवी असेल तर तार हँडड्रिलमध्ये धरून फिरवा आणि बारीक कानस टेकवा. प्लास्टिकची डोलकाठी दोरांच्या ताणाने वाकते, पितळेची वाकत नाही. बाजारात लेथवर कातलेल्या तयार पितळी तोफनळ्या मिळतात. पोलंडची मास्टर मॉडेल कंपनी त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण गुजरीतल्या कारागिरांकडे आणि तुमच्याकडे जी लेथ आणि कानशी आहेत त्यांत मोठ्या मापाच्या नळ्या घरीच होतात.

कठड्यांचे एक माप लक्षात ठेवा. खऱ्या जहाजावर कठडा साधारण 1 मीटर उंच असतो. 1/700 मध्ये तो 1.4 मिलिमीटर, 1/350 मध्ये 2.9. दुकानदाराने दिलेला कठडा यापेक्षा बराच उंच निघाला तर तो दुसऱ्या मापाचा आहे. कठडे चौकटीवर असतानाच प्रायमर आणि रंग द्या, मग कापा आणि सगळ्यात शेवटी लावा. आधी लावले तर उरलेले काम करताना हाताने मोडतात.

1/350 ‘बिस्मार्क’साठी पितळी भागांचा महागडा सेट मागवला, पण निम्मे भाग बसतच नाहीत. सेट सदोष आहे का? (सांगली)

सदोष नाही, दुसऱ्या किटसाठीचा आहे. 1/350 बिस्मार्क तामिया, रेव्हेल आणि ट्रम्पेटर या तिघांचीही आहे आणि तिघांचे डेक, खाचा, पुलांची रुंदी वेगवेगळी आहे. सेटच्या पाकिटावर बारीक अक्षरात कंपनीचे नाव आणि किटचा क्रमांक छापलेला असतो. जहाजाचे नाव आणि माप जुळले तरी तो क्रमांक जुळला पाहिजे. आता परत करणे जमत नसेल तर कठडे, शिड्या, रडार, क्रेन, दोरांची रिळे हे सुटे भाग तसेच वापरा. ते कुठल्याही किटवर चालतात. मजले, भिंती आणि डेकच्या पट्ट्या बाजूला ठेवा.

याच जहाजात तारखेचा सर्वांत कडक धडा आहे. मे 1941 मध्ये ती निघाली तेव्हा बाजूंवर काळे-पांढरे तिरके पट्टे होते. 21 मे रोजी नॉर्वेच्या खाडीत थांबलेली असताना ते राखाडी रंगाने झाकले. 27 मे रोजी ती बुडाली. पट्टे नसलेले रूप जेमतेम सहा दिवस टिकले. खोक्यावरच्या चित्रात पट्टेही आहेत आणि तिने 24 मे रोजी बुडवलेली ब्रिटिश ‘हूड’ही जळते आहे, असे असेल तर ते चित्र बाजूला ठेवा.

रेझिनचा तळ केळ्यासारखा वाकडा आला. परत पाठवू? (गारगोटी)

आधी गरम पाण्यात सरळ करून पाहा. मात्र त्याआधी तळ चिरलेला किंवा बुडबुड्यांनी पोकळ नाही ना ते पाहा. तसा असेल तर लगेच फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. नुसताच वाकडा असेल तर पसरट परातीत हाताला चटका बसेल इतके गरम, पण उकळते नसलेले पाणी घ्या, तळ पाच मिनिटे बुडवा, जाड काचेवर दाबून धरा आणि दाबलेलाच गार पाण्यात घाला. एका वेळेत सगळा वाक जात नाही, दोन-तीन फेऱ्या करा. बारीक डोलकाठ्यांना काही सेकंदच पुरतात.

त्यानंतर सगळे भाग भांड्याच्या साबणाने, मऊ दातब्रशने धुवा. साच्यातून सुटावे म्हणून लावलेले तेल राहिले तर रंग महिन्याभराने सोलून निघतो. घासकाम नेहमी पाण्याखाली, वॉटर पेपरने करा आणि तोंडावर एन-95 मास्क लावा. कोरडी रेझिनची धूळ फुप्फुसात गेलेली परत येत नाही, त्यामुळे यात हयगय नको. प्लास्टिकचा सिमेंट रेझिनला चिकटत नाही. लहान भागांना फेविक्विक आणि जड भागांना ॲराल्डाइट वापरा.

पावसाळ्यात लॅकर मारला की पांढुरका थर येतो. (पन्हाळा)

थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. पन्हाळ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हे टळणे अवघड. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या आणि 80 टक्क्यांच्या वर काटा असेल तर लॅकर उघडू नका. ते दिवस कापणे, घासणे, पितळकाम यांना द्या. मारायचाच असेल तर दुपारी, पातळ थरात, सावकाश उडणारा रिटार्डर मिसळून. आलेला थर घासू नका. त्यावर नुसत्या थिनर-रिटार्डरचा हलका फवारा दिला की बहुतेक वेळा तो विरघळून जातो. कॉम्प्रेसरचा पाणी अडवणारा कप दर पंधरा मिनिटांनी रिकामा करा. रंगात अधूनमधून येणारे पाण्याचे थेंब तिथलेच असतात.

दोरकामासाठी कोणता धागा? शिवणाचा चालेल? (शाहूपुरी, कोल्हापूर)

नाही. 1/700 मध्ये 0.1 मिलिमीटरचा धागा म्हणजे 7 सेंटिमीटर जाड दोर. केसही साधारण 5 सेंटिमीटरचा होतो. शिवाय सुती धाग्याला लव असते आणि तिच्यावर धूळ बसते. 0.03 मिलिमीटरच्या आसपासचा ताणणारा लायक्रा धागा मागवा, किंवा किटची प्लास्टिक चौकट मेणबत्तीवर मऊ करून ओढा. वरपासून खाली आणि मधून बाहेर असे लावत जा, म्हणजे हात आधीच्या दोरांना लागत नाही.

मराठ्यांच्या गुराबेचे, म्हणजे लढाऊ शिडाच्या जहाजाचे, किट आहे का? शाळेच्या प्रदर्शनासाठी करायची आहे. (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

खोक्यातले किट शोधत बसू नका. हे काम लाकडात, स्वतःच्या आराखड्यावर करायचे आहे, आणि कोल्हापूरने ते करावे असे आम्हाला मनापासून वाटते. मालवण-सिंधुदुर्गचे आरमार कोल्हापूरच्या छत्रपतींचे होते आणि 1812 च्या तहात मालवण इंग्रजांकडे जाईपर्यंत ते टिकले.

सर्वांत उपयोगी वर्णन अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याचे आहे. त्याच्या म्हणण्यानुसार गुराबेला बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची सुमारे 300 टनांची, दोन काठ्यांची 150 टनांपर्यंत. लांबीच्या मानाने ती फार रुंद आणि मध्यापासून नाळेकडे निमुळती होत जाणारी. पुढे गॅलीसारखी, म्हणजे वल्ह्यांच्या युरोपीय जहाजासारखी, लांब चोच, जी मुख्य तळापासून आडव्या भिंतीने वेगळी केलेली. त्या भिंतीतल्या भोकांतून चोचीवरून पुढे मारा करणाऱ्या 9 किंवा 12 पौंडी दोन तोफा. बाजूंना 6 ते 9 पौंडी तोफा. गलबत याहून लहान, 70 टनांच्या आत, 40-50 वल्ह्यांचे, मोठ्या त्रिकोणी शिडाचे.

इथे चुका ठरलेल्या होतात. युरोपीय फ्रिगेटचे तयार लाकडी किट घेऊन त्यावर भगवा लावला की गुराब होत नाही. फ्रिगेटची उंच नाळ आणि कमी रुंदी दोन्ही गुराबेसाठी चुकीचे. विजयदुर्गावरच्या 1756 च्या हल्ल्याची इंग्रज चित्रे इंग्लंडमध्ये नंतर रंगवलेली आहेत, त्यातून धूर आणि किल्ल्याची मांडणी घ्या, बांधणीचे तपशील नको. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर सुंदर जहाजे कोरलेली आहेत, पण ती शिलाहारकाळची, कित्येक शतके आधीची. त्यापेक्षा मालवण, देवगड, विजयदुर्ग इथल्या जुन्या लाकडी होड्यांचे तळ आणि फळ्यांचे जोड पाहा. कोकणातल्या सुतारांचा हात तिथे अजून दिसतो.

माप 1/72 घ्या, शाळेच्या टेबलावर बसते. आधी 3 मिलिमीटर प्लायवूडचा कणा आणि 12 ते 15 आडव्या फासळ्या. त्यावर 1.5 मिलिमीटर जाड, 5 मिलिमीटर रुंद पट्ट्या. सागवान चुकूनही पट्ट्यांसाठी घेऊ नका, त्याचे जाड रेषे या मापात दोरखंडासारखे दिसतात आणि वळवताना चिरतात. हेदू किंवा शिवण घ्या. पट्टी अर्धा तास पाण्यात भिजवून गरम इस्त्रीवर वळवा. दोन्ही बाजूंना आळीपाळीने एकेक लावा. एका बाजूच्या सगळ्या आधी लावल्या तर कणा पीळ खातो आणि नंतर काही केल्या सरळ होत नाही. पाटीवर ‘समकालीन वर्णनावरून केलेली पुनर्रचना’ असे लिहा आणि कोणता तपशील कुठून घेतला ते खाली नोंदवा.

परदेशातून भाग मागवताना काय पाहावे? (कागल)

रंग, थिनर आणि गोंद मागवू नका. ते ज्वलनशील असल्याने हवाई पार्सलमध्ये अडतात आणि सोबतचे किटही अडकते. ते इथेच घ्या. विक्रेत्याला ‘भेटवस्तू’ लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला सांगू नका. सीमाशुल्क खऱ्या बिलावर भरा. तफावत दिसली तर पार्सल थांबते आणि दंडही लागतो. दोन-तीन जणांनी मिळून एकच पार्सल मागवले तर टपालखर्च वाटला जातो, कारण पितळी पत्रे आणि तोफनळ्या यांना वजन जवळपास नसतेच.

बारीक रडार, होड्या, बोफोर्स असे भाग परदेशातूनच मागवायला हवेत असे नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्रीच्या पॅटर्नसाठी थ्रीडी प्रिंटिंग करणारे आहेत. तारेचा प्लास्टिक प्रिंटर तळासाठी चालतो, बारीक भागांना रेझिनचाच प्रिंटर लागतो. थर 0.05 मिलिमीटर आणि भिंत निदान 0.3 मिलिमीटर जाड सांगा. कठडे छापून घेऊ नका, हात लागताच तुटतात. छापलेले भाग आधाराच्या काड्यांसह घ्या आणि गरम पाण्यात मिनिटभर ठेवून मगच काड्या तोडा.

पार्सल उघडताना पहिल्या मिनिटापासून व्हिडिओ घ्या. सूचनापत्रावरच्या चौकटींच्या चित्राशी प्रत्येक चौकट त्याच दिवशी ताडून पाहा. हरवलेला भाग बहुतेक कंपन्या पाठवतात, पण सहा महिन्यांनी किट उघडून तक्रार केली तर तोवर तो साचा दुसऱ्या कामाला लागलेला असतो.